दोष : नाही

लाल चिठ्ठी दोऱ्यानं स्कूटीच्या ब्रेकला बांधलेली होती आणि वाऱ्यावर स्वतःभोवतीच गिरक्या घेत होती — एकदा कोरी बाजू, एकदा लिहिलेली, पुन्हा कोरी — आणि सुवर्णाच्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच, की गाठ नीट मारलीय, दोन वेढे आणि एक फास, अगदी आपल्या खात्यात मारतात तशी. दहाच्या चहाला ती डिकीत राहिलेला चष्मा घ्यायला बाहेर आली होती. तिनं चिठ्ठी दोन बोटांत धरून थांबवली. वर छापलेलं — रिजेक्ट. खाली तीन रकाने. भाग, दोष, तपासणाऱ्याची सही. भागापुढे पेननं लिहिलं होतं, ‘गाडी व बाई’. दोषापुढे, ‘नाही’. सहीची जागा कोरी.

दोष नाही म्हणून रिजेक्ट! चौदा वर्षं झाली तिला सातपूरच्या या कंपनीत पंपाचे शाफ्ट तपासायला लागून. आजवर हजारो लाल चिठ्ठ्या तिनं स्वतःच्या हातानं बांधल्या असतील, पण असला शेरा तिच्याही बघण्यात नव्हता. हसू आलं. हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला; तिनं चिठ्ठी सोडवली — फाडली नाही — घडी करून ड्रेसच्या खिशात ठेवली आणि चष्मा न घेताच आत गेली. मग चष्म्यासाठी परत यावं लागलं. रागात माणूस बावळट होतो तो असा.

गेटच्या आत, डाव्या हाताला, भिंतीलगत दोन गाड्यांपुरती जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. भिंतीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र, ते पेंटरनं असं काढलंय की पाटावर बसलेला गणपतीच वाटावा, आणि त्याखाली अक्षरं : ‘अपंगासाठी राखीव’. अपंगांसाठी नव्हे. मधल्या ‘गा’वरचं टिंब पेंटर खाऊन गेला. वॉचमन पुंजाराम त्यावरून एकदा म्हणाला होता, “एकासाठीच हाय ना म्याडम, बघा वाचून. तो एक म्हंजी आपला भिकन.” दोन जागा, एक माणूस, आणि एका टिंबापायी सुवर्णा बाहेर.

भिकन पॅकिंगला. मालेगावकडचा. लहानपणीच पोलिओ झालेला, उजवा पाय मनगटाएवढा, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर तो त्या पट्ट्यांत अशी काही लावतो की दोन्ही बाजूंना वीतभर जागा सुटते, ना कमी ना जास्त. त्याच्याकडे बघून कुणी विचारत नाही, तुम्हाला काय झालंय. सुवर्णाला विचारतात. आता तर विचारतही नाहीत, नुसतं बघतात — आधी जागेकडं, मग पायांकडं, मग तोंडाकडं. चांगली धडधाकट बाई! किती तोंडांतून ऐकला असेल तिनं हा शब्द. धड. आणि त्या धडावर गळ्याखालपासून बरगड्या संपेपर्यंत उभी शिवण आहे, गोणी शिवतात तशी, पण ती बंद गळ्याच्या आत, आणि तिच्याही आत...

टिक. टिक. टिक.

मुंबईला अठ्ठ्याण्णव साली ऑपरेशन झालं, झडप बदलली. लहानपणी ताप यायचा, सांधे धरायचे. मखमलाबादच्या मळ्यात आई फुलांच्या पाट्या भरता भरता म्हणायची, वाढीचं दुखणं आहे, जाईल. सांध्यांतून गेलं, ते काळजात जाऊन बसलं. धातूची झडप, दर ठोक्याला मिटते आणि वाजते. सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “आवाज येतोय तोवर काळजी करू नका. यायचा थांबला तर करा.” विनोद होता तो; ती हसलीही होती. आई मात्र हसली नव्हती. तिनं, सगुणाबाईंनी, टॅक्सीतच सांगितलं, “कुणाला बोलू नको सुवर्णे. छाती कापलेली बाई म्हणत्याल.” म्हणून मग खात्यात ‘छोटं ऑपरेशन’. म्हणून मग बंद गळा. आणि म्हणून बांगड्या — रक्त पातळ राहायच्या गोळ्या आहेत, काच लागली तर रक्त थांबत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलेलं — तरी दोन्ही हातांत सहा-सहा काचेच्या बांगड्या. चार माणसं गप्प बसली, कुठं शांतता झाली, की हिचा हात आपोआप हलतो. किणकिण. एक आवाज दुसऱ्या आवाजानं झाकायचा, इतकी वर्षं.

आत टेबलावर शाफ्ट मांडलेले होते, तेल पुसलेले, चकचकीत. लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी भुकटी फवारायची आणि दहा मिनिटं थांबायचं. पोटात चीर असली तर भुकटीवर केसाएवढी लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. नव्या पोरींना हे तिनंच शिकवलं : डोळ्यावर जाऊ नका, थांबा. तिच्यासाठी मात्र कंपनीत कुणाला दहा मिनिटं नव्हती.

गाड्यांचं मागचं स्टँड फौंड्रीच्या पलीकडं, चढावर. तिथून खात्यापर्यंत यायला तिला तीन ठिकाणी थांबावं लागतं. थांबायचं तरी कसं, तर चपलेचा पट्टा बघतोय असं दाखवून. मागच्या साली कंपनीच्या डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली, तेव्हाचे पर्सोनेलचे साहेब ती वाचून म्हणाले, लावा तुम्ही पुढं, काही हरकत नाही. तोंडी. ते रिटायर झाले, चिठ्ठी कुठल्या फायलीत गेली ती गेली. आता गायधनी साहेब. काल त्यांचा निरोप आला : आज तीन वाजता, अपंगत्वाच्या दाखल्यासह. दाखला नसेल तर गाडी मागच्या स्टँडला.

दाखला! त्यासाठी ती आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. टेबलावरचे कारकून भले होते बिचारे. त्यांनी यादीच पुढे सरकवली. डोळे, कान, हात, पाय, मन... सगळं होतं. “हृदय नाही बसत हो यात,” ते म्हणाले, आणि मग तिला बरं वाटावं म्हणून, “तुम्ही तर चालत्या-बोलत्या आहात, देवाची कृपा म्हणा.”

चालत्या-बोलत्या. हो. आणि त्यातून ते लंगडणं निघालं.

ते आठवलं की अजूनही कान तापतात. शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री, जिभेला हाड नाही पण मनात पाप नाही अशी मुलगी, डबा खाता खाता म्हणाली, “ताई, थोडं लंगडत जा ना गेटातून. मग कोण विचारतंय?” दोघी हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवरून उतरताना सुवर्णाचा डावा पाय खरंच जरा मागं राहिला... ठरवलं नव्हतं. नाही, ठरवलं होतं. खोटं कशाला बोला. अकरा दिवस ती लंगडली, गेटापासून खात्याच्या दारापर्यंत, आणि त्या अकरा दिवसांत जग काय गोड झालं! पुंजाराम म्हणाला, “सावकाश म्याडम.” कुणी दार धरलं. लंगडल्यामुळं हळू चालता येत होतं, हळू चालल्यामुळं दम लागत नव्हता. म्हणजे सोंग पायाचं आणि आराम काळजाला. आपल्याला हे आवडतंय, हे कळून तिला रात्री स्वतःची किळस आली, आणि सकाळी ती पुन्हा लंगडली.

बाराव्या दिवशी पाय बदलला. डावा ओढायचा तो उजवा ओढला. डोक्यात दुसरंच काहीतरी होतं, आणि खोट्या दुखण्याला कुठं ध्यानात राहतं आपण कुठल्या पायात आहोत ते. चार पावलं गेल्यावर समोर भिकन, स्कूटरवरून आपला बूट दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवत होता. त्यानं तिच्या पायाकडं पाहिलं. मग दुसऱ्या पायाकडं. मग तोंडाकडं. मागून पुंजाराम मात्र हसला, “दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!”

तीच म्हण. तिच्या बाजूनं बोलू शकणारी एकुलती एक म्हण, तीही त्यानं तिच्यावरच घातली.

त्या दिवसापासून लंगडणं बंद. पण भिकनची नजर... ती नजर ओळखीची होती, आणि ती कुठली ते तिला आज, खिशातली चिठ्ठी चाचपताना, शाफ्टवर भुकटी वाळायची वाट बघताना, लक्षात आलं. चांदवडहून येणारी एसटी, पंधरा वर्षांपूर्वीची. खच्चून भरलेली. ‘अपंगांसाठी’ लिहिलेल्या सीटवर एक चाळिशीचा माणूस, गुबगुबीत, पांढरा शर्ट. दांड्याला धरून कुबड्यावाला एक म्हातारा उभा. आणि बावीस वर्षांची सुवर्णा, त्याच्याकडं अगदी अशाच नजरेनं बघत, गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात : “अहो, धडधाकट दिसताय, उठा की! वाचता येत नाही का?” लोक हसले. माणूस उठला. मुकाट्यानं उठला, दांडा धरला आणि नाशिक येईपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. केवढं बरं वाटलं होतं मला तेव्हा. घरी येऊन आईला सांगितलं मी. काय होतं त्याला? काहीही नसेल. नुसता बेशरमही असेल. पण ते आता कधीच कळणार नाही, आणि तो शब्द आधी माझ्या तोंडातून गेलाय. गेला तो गेला. पण म्हणून काय मी आता चढावरून चपलेचा पट्टा बघत यायचं? त्याची भरपाई अशी व्हायची? नाही. एका चुकीची शिक्षा भलत्या ठिकाणी भोगायची, हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

तीनला पाच कमी असताना ती उठली. जाताना टेबलावरचा पिवळ्या रंगाचा मार्कर घेतला, पास झालेल्या मालावर खूण करायचा. पर्सोनेलची वाट गेटावरून जाते. भिंतीपाशी थांबली, टाचा उंचावल्या आणि ‘गा’वर टिंब दिलं. चांगलं ठसठशीत, वाटाण्याएवढं. पुंजाराम स्टुलावरून उठून बघायला आला.

गायधनी साहेबांच्या केबिनमध्ये भिकन आधीच बसलेला होता, बूट सरळ पुढं पसरून. पंखा घरघरत होता. साहेब तरुण, सभ्य. आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. “बसा सुवर्णाताई. दाखला आणलात?”

“तसला दाखला मिळत नाही. यादीत माझं दुखणं नाही.”

“मग दुखणं काय आहे ते तरी सांगा. भिकनची तक्रार आहे. तुम्ही लंगडण्याची नक्कल केलीत म्हणतो.”

“केली,” ती म्हणाली. “अकरा दिवस.” आणि भिकनकडं वळली, कारण साहेबांना उत्तर द्यायचं असलं तरी देणं ह्याचं लागत होतं. “ते चुकलं माझं, भिकनभाऊ. त्याची माफी तुमची मागते. जागेची नाही मागणार.”

भिकन बुटाकडं बघत बोलला. “ताई, मी रोज एकच पाय ओढतो. त्याला बदली नाय भेटत. तुमी हौसेनं ओढला. मला लय लागलं ते.”

बरोबर होता तो. संपूर्ण बरोबर होता आणि तरी ती जागा तिचीही होती, आणि या दोन्ही गोष्टी एका खोलीत मावतात की नाही हे तिला कळत नव्हतं.

“आणि त्या भिंतीवर आत्ता काय लिहिलंत तुम्ही?” साहेबांनी खिडकीतून पाहिलं असावं.

“शुद्धलेखन चुकलं होतं.”

साहेबांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, लगेच जागेवर आला. “मला कागद लागतो हो. उद्या दहा जण येतील.”

“डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्याच फायलीत आहे, शोधा. तोवर माझी गाडी तिथंच लागेल. उद्याही.” हे आपण बोललो? आवाज आपलाच होता. तिनं खिशातून लाल चिठ्ठी काढली, घडी उलगडून भिकनपुढं ठेवली, वर पेन ठेवलं. “ही तुम्हीच बांधली ना? सही राहिलीय. सहीशिवायची लाल चिठ्ठी आमच्या खात्यात धरत नाहीत. तपासलं असेल तर करा सही.”

भिकननं तिच्याकडं पाहिलं. डगमगणारा नव्हता तोही. पेन उचललं, टोपण काढलं, चिठ्ठी डाव्या हातानं दाबून धरली.

आणि लाइट गेली.

पंखा दोन फेरे घेऊन थांबला. शेडमधली मशिनं एकामागून एक मुकी झाली, कॉम्प्रेसरनं शेवटचा सुस्कारा सोडला. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागतं. त्या मिनिटात कंपनी अशी गप्प होते की पिंपळावरचे कावळे ऐकू यावेत.

टिक. टिक. टिक. टिक.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग भिंतीवरचं. “काय वाजतंय हे?”

सुवर्णाचा उजवा हात सवयीनं मांडीवरून उठला. आता एक झटका, बांगड्यांची किणकिण, एखादा खोकला, पदर नसला तर ओढणी सारखी करायची... आठ वर्षांचा हात तो, त्याला सांगावं लागत नाही. तो हवेत होता तोच तिनं त्याला पाहिलं. आणि खाली ठेवला. टेबलावर, उताणा, बांगड्या एकीवर एक येऊन निवांत पडतील असा. छातीत ठोके वाढले होते, त्यामुळं ते टिकटिकणंही वाढलं होतं, भरभर, खणखणीत, लाज नसल्यासारखं. वाजू दे. किती दिवस आपण याची माफी मागत होतो, बांगड्यांनी, चपलेच्या पट्ट्यानं, भलत्याच पायानं... वाजू दे की.

भिकनचं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता, पण अक्षर उमटत नव्हतं. त्यानं मान जराशी तिरपी केली होती, आवाज कुठून येतोय ते शोधणाऱ्या माणसासारखी. तो तिच्या पायांकडं बघत नव्हता. तोंडाकडंही नाही.

सही केली तरी चालेल, तिला वाटलं. नाही केली तरी चालेल. मी आपण होऊन सांगणार नाही काय आहे ते. विचारलं तर सांगेन, ऐकायचं असेल तर ऐका. पलीकडे जनरेटर एकदा खोकला आणि बंद पडला, आणि तिला मनापासून वाटलं, अजून थोडा वेळ लाइट येऊ नये.