सगळ्यांची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. मोटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चार चाकं आणि हॉर्न आला असेल, तर तुम्ही नक्की शहरातले! आमच्या भागात मोटार म्हणजे पाणी उपसणारी. मी तीन एचपीची. रंग हिरवा होता, आता तो शोधावा लागतो. ओतीव लोखंडाचं अंग आणि पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी. कारखान्यातून निघताना माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला होता, 'तपासले, योग्य आहे.' आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र.

सांगलीच्या अलीकडे कृष्णेच्या काठाला खालची वस्ती आहे. चौदा घरं. तिथल्या विहिरीच्या काठावर, सिमेंटच्या कट्ट्यावर मला बसवलं. नदीवर उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारी वेगळ्या. त्या ज्याच्या त्याच्या. मी पिण्याच्या पाण्याची. वस्तीचे पुढारी लालासाहेब यांनी नारळ फोडला आणि गरजले, "ही मोटार एकाची न्हाई, सगळ्यांची हाय!" काय टाळ्या पडल्या म्हणता! मला वाटलं, चला, आता चौदा घरं मला जपणार. कोऱ्या मोटारीला काय कळतंय?

प्रत्येक घरानं एकेक महिना माझी देखभाल करायची, असं ठरलं होतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सुरू झालं, "ह्या महिन्यात कुणाची पाळी?" "आमची व्हती, पर मागं झाली की." खंडेनवमीला मात्र सगळे हजर. हळद, कुंकू, झेंडूची माळ. वर्षभर ग्रीसचं बोट नाही, पण त्या दिवशी मी देवी!

खरी जपली ती रंगुबाईनं. तिचं घर सगळ्यात खाली, विहिरीला लागून. तिला शेत नाही, ती शाळेत मुलांची खिचडी शिजवते. माझ्या पाइपातलं पाणी रात्रीत गळून जायचं, आणि कोरडी मोटार नुसती फिरते, पाणी ओढत नाही. म्हणून रंगुबाई रोज सकाळी कळशीभर पाणी माझ्या तोंडात ओतायची आणि म्हणायची, "पी गं बाई, आदी तू. मग आमी." त्यानंतर कट्ट्यामागच्या बटणाच्या खोलीचं कुलूप कमरेच्या किल्लीनं काढून बटण दाबायची. माझं पाणी चौदा घरांत जायचं, पण असं कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही.

मागच्या वर्षी श्रावणात नदी चढायला लागली. आमच्याकडे नदीकाठची एक रीत आहे. पूर यायच्या आत मोटारी काढून वर न्यायच्या. मोटार एकदा गाळात बुडाली की तिचं खरं नाही. कर्ण्यावर पुकारा झाला, "धरणातनं पाणी सोडलंय, मोटारी काढा!" आणि ट्रॅक्टर, साखळदंड, आरडाओरडा! दुपारपर्यंत नदीवरच्या सगळ्या मोटारी ट्रॉलीत बसून अशा वर निघाल्या, जणू महाबळेश्वरची सहलच.

रंगुबाई रस्त्यात उभी होती. "आवं लालासाहेब, हिरीवरची तेवढी काढा की. अर्ध्या तासाचं काम हाय."

"आलोच वहिनी. नदीवरची दुसरी तेवढी काढू द्या. पाच एकर ऊस हाय तिच्यावर."

"आन् हिच्यावर चौदा घरं हायती न्हवं?"

"मग चौदातलं कुणीतरी यील की!"

ट्रॅक्टर चार वेळा माझ्यासमोरून गेला. रंगुबाई घरोघर फिरली. प्रत्येक जण म्हणाला, "अजून काढली न्हाई? मला वाटलं, त्यानं काढली." संध्याकाळी पाणी कट्ट्याला लागलं, तेव्हा रंगुबाईनं खताचं पोतं आणून मला गुंडाळलं, दोरीनं आवळलं आणि शाळेच्या उंचवट्याकडे धावली. खताचं पोतं विरुद्ध कृष्णामाई! निकाल सांगायला नको.

मी सहा दिवस पाण्याखाली होते.

पूर ओसरला. इतके दिवस पाणीच पाणी होतं, आता प्यायला घोट नाही. रंगुबाईनं मिरजेच्या वजीरभाईंना फोन केला. ते मोटारी दुरुस्त करतात, हात म्हणजे सोनं. ते म्हणाले, "रंगूभाभी, बावीस गावच्या मोटारी माज्या दारात पडल्यात. पर पिण्याच्या पाण्याची म्हनताय, तर आजच येतो." आणि चिखलातून गाडी ढकलत आले. मला खोललं. अर्धी बादली गाळ निघाला. विहीर उपसून औषध टाकायला सांगितलं. मला धुऊन, पुसून शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं आणि पोटात एक मोठा बल्ब पेटवून टांगला, आतली ओल जावी म्हणून. मोटार वाळली का ते बघायचं छोटं यंत्र लावलं, तर त्याचा काटा उठेना, म्हणजे आत अजून ओल होती.

"तीन दिस," वजीरभाई म्हणाले. "वरनं वाळल्यागत दिसंल, पर ओल आत दडून बसती. मी तपासल्याबिगर बटनाला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत, भाऊ," रंगुबाई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी लालासाहेब आले. "उद्या मोठं साहेब पाहणीला येणार हायत. नळाला पाणी दिसाय पायजे."

"वजीरभाईंनी उद्याचा दिस थांबा म्हनून सांगितलंय."

"वजीर काय डाक्टर हाय व्हय? हात लावून बघा की, कशी ठणठणीत वाळलीया!"

रंगुबाई व्हरांड्याच्या दारात आडवी उभी राहिली. "आवं, एकच दिस. पाया पडते."

"वहिनी, बाजूला व्हा. मोटार सगळ्यांची हाय, तुमची एकटीची न्हवं."

आणि मग मित्रांनो, मला उचलायला अकरा माणसं आली. अकरा! पूर येताना एक मिळालं नव्हतं.

साहेब आले. मला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. मी खरंच जीव तोडून फिरले हो. नळाला अर्धा मिनिट गढूळ पाणी आलं, फोटो निघाले, आणि माझ्या पोटातून धूर निघाला. फोटो पेपरात आला, 'खालच्या वस्तीत पाणीपुरवठा पूर्ववत.' धुराचा फोटो कुणी काढला नव्हता.

वजीरभाई आले. त्यांनी वास घेतला आणि इतकंच म्हणाले, "ही जळाली न्हाई, जाळली."

मग पंधरा दिवस टँकर. तोही लांब, डांबरी रस्त्याला. शाळेतली खिचडी उरकून रंगुबाई पोचायची, तोवर टँकर रिकामा. तहान काय पाळी बघून लागते? ती पुरात बुडालेल्या हापशाचं पाणी प्यायली. जुलाब, उलट्या, आणि मिरजेच्या दवाखान्यात नऊ दिवस सलाईन.

परत आली तेव्हा तिचे हात काटक्यांसारखे झाले होते. त्याच आठवड्यात वस्तीची बैठक भरली, माझ्यासमोरच, विहिरीपाशी. मोटार कशी गेली, यावर चर्चा. लालासाहेब म्हणाले, "आता कुणाचं नाव घ्यायचं? पर किल्ली वहिनींकडंच व्हती की." अकराही जण खाली बघत बसले. रंगुबाईनं कमरेची किल्ली काढली, कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, "व्हय. किल्ली माज्याकडं व्हती." आणि निघून गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं मी जळले. मला चालायची लाज वाटली असती.

नंतर नवी मोटार आली. निळीशार, चकचकीत. पुन्हा नारळ, पुन्हा भाषण. मला भंगारात न्यायचं काम सगळ्यांचं ठरलं, म्हणून मी अजून तिच्या शेजारीच पडून आहे!

आज पुन्हा श्रावण आहे. सकाळी कर्णा ओरडला आणि सगळे ट्रॅक्टर नदीकडे पळाले. रंगुबाई विहिरीवर आली. नळाला पाणी होतं तोवर तिनं पाच घागरी भरल्या, झाकल्या, ढकलगाडीवर घालून शाळेकडे नेल्या. कुणालाही हाक मारली नाही. नव्या मोटारीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि मी तिला एका शब्दानंही दोष देणार नाही.

आता पाणी कट्ट्याच्या दोन पायऱ्या खाली आहे. शेजारची निळी पोर मघापासून विचारतेय, "ताई, आपल्याला कवा नेणार?" मी तिला काय सांगू?

मित्रांनो, माझी पूजा नको, भाषण नको, माझ्यासाठी तर काहीच नको. तिला फक्त चार बोल्ट आहेत. सतरा नंबरचा पाना लागतो. कुणाची पाळी आहे ते नंतर भांडा. आधी कुणीतरी एक जण या.