विलायतेला निघालेला लोकरी कोट

मित्रांनो, दौलत विलायतेला गेला नाही. हे एकदाचं सांगून टाकलं. आता तुम्ही ते ऐकलंच नाही असं धरून चला. वरळीच्या आमच्या चाळीनं दोन वर्षं तसंच धरलं होतं, तुम्हांला थोडा वेळ जड जाऊ नये.

मी एक जुना लोकरी कोट आहे. माझा जन्म विलायतेतल्या एका गारठलेल्या गावात झाला. तिथल्या शिंप्यानं मला दुहेरी अस्तर लावलं आणि कॉलर कानापर्यंत येईल अशी बेतली. हा कोट घालणारा थंडीनं मरणार नाही, याची त्याला खात्री होती. पुढे एका साहेबानं मला मुंबईला आणलं. मुंबईत थंडीनं मरायची सोयच नाही. त्यामुळे मलबार हिलच्या एका कपाटात मी बरीच वर्षं नुसता रुबाब केला. देश स्वतंत्र झाला, साहेब बोटीत बसला आणि मी चोरबाजारात एका फुटक्या ग्रामोफोनशेजारी लटकलो.

तिथून मला रमाबाईनं उचललं. रमाबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. एकुलता मुलगा दौलत कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. विलायतेत कापडाच्या रंगांचं शिक्षण घ्यायचं आणि आईच्याच गिरणीत साहेब म्हणून परत यायचं, असं त्याच्या मनात होतं. फोर्टमधली एक संस्था दरवर्षी एका विद्यार्थ्याला सगळा खर्च करून तिकडे पाठवायची. दौलतनं तिथं अर्ज केला. अर्जाचं उत्तर यायच्या आधी रमाबाईनं मला घरी आणलं.

"आये, अजून काहीच ठरलं नाही गं," दौलत म्हणाला.

"थंडी काय ठरवून येती व्हय?" रमाबाई म्हणाली आणि मला कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं.

माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस. दर रविवारी मला गॅलरीत ऊन दाखवलं जाई. चाळीतली पोरं मला हात लावायला येत. एकानं माझा वास घेतला आणि विलायतेला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, असं सगळ्यांना सांगत सुटला.

पहिल्या निवडीत दौलतचं नाव आलं. मुलाखत तेवढी उरली होती. आणि इथंच आमच्या चाळीनं घोळ घातला. मित्रांनो, ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. समितीच्या सभेसाठी चाळीपुढच्या मैदानात स्टेज बांधलं होतं, त्यावर कर्णा लावला होता. सभा झाली तरी स्टेज एक दिवस उभं होतं. आयतं स्टेज रिकामं ठेवणं हे चाळीच्या मंडळाचा चिटणीस राजाराम याला अन्नाच्या नासाडीसारखं वाटे.

"दौलत्या, तुझा निरोप समारंभ उरकून घेऊ," तो म्हणाला.

"राजारामदादा, मुलाखत राहिलीये अजून."

"ती दे की तू सावकाश. कर्णा उद्या परळला चाललाय."

अशा रीतीनं दौलतला मुलाखतीआधी निरोप मिळाला. भर उकाड्यात त्याला माझ्यात कोंबून स्टेजवर बसवलं. राजाराम म्हणाला, "बाबासाहेब शिकून आले, आता आपला दौलत चाललाय!" लोकांनी जय भीमचा गजर केला. पुढं तो म्हणाला, "दौलत मोठा साहेब होणार!" लोकांना सवय लागलेली, ते ओरडले, "झालाच पाहिजे!" रमाबाई पहिल्या ओळीत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, बटणं नीट लागलीत का ते.

मग मुलाखत झाली. पंख्याखाली तीन साहेब बसले होते. दौलतनं रंगांविषयी सगळं धडाधड सांगितलं. शेवटी मधल्या साहेबांनी विचारलं, "परत येऊन कोणत्या राज्याची सेवा करणार?"

"महाराष्ट्राची, साहेब."

"असं राज्य नकाशात नाही."

"कोर्स दोन वर्षांचा आहे, साहेब. तोवर येईल."

कडेचा एक साहेब खो खो हसला. पण पेन मधल्याच्या हातात होतं. "आपली निवड होऊ शकत नाही," असं दौलतला तिथंच सांगण्यात आलं. त्याच्या छातीचे ठोके मी अस्तरातून मोजत होतो. त्या दिवशी मला कळलं, शिंप्यानं लावलेलं अस्तर फक्त बाहेरची थंडी अडवतं.

घरी सगळं खरं सांगायचं, असं ठरवून तो चाळीत शिरला. जिन्यात त्यानं तोंड उघडलं, तर कुणीतरी पेढा भरवला. गॅलरीत उघडलं, पुन्हा पेढा. दारात रमाबाई उभी होती. तिनं त्याची दृष्ट काढली आणि म्हणाली, "बोट कधी?" दौलतच्या तोंडात तेव्हाही पेढा होता. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात."

बोटीच्या दिवशी चाळ बॅलार्ड पिअरवर लोटली. गेटाच्या आत फक्त प्रवाशांनी जायचं, असा नियम होता, म्हणून बरं. दौलतनं आईच्या पाया पडून ट्रंक उचलली, प्रवाशांच्या गर्दीत घुसला आणि हमालांच्या गेटानं बाहेर पडला. त्या हमालांत आमच्या चाळीतला एक होता. त्यानं दौलतला पाहिलं, ट्रंक त्याच्या डोक्यावर नीट ठेवून दिली आणि काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत चाळीला कळलं. चाळही काही बोलली नाही. निरोप दिलेल्या माणसाला "गेला नाहीस होय रे?" असं तोंडावर कोण विचारणार?

दौलत थेट कॉटन ग्रीनला आला. तिथं एका गोदामात कापसाच्या गासड्या मोजायचं काम त्याला मिळालं. रात्री तो माझ्यावर झोपे, दिवसा मी खिळ्याला असे. गोदामात दिवसभर कापसाची पांढरी पिसं उडत आणि माझ्या खांद्यांवर साचत. विलायतेतला माझा जन्म, पण बर्फ मला असा कॉटन ग्रीनला भेटला.

एका रविवारी दुपारी दारात सावली पडली. रमाबाई होती.

"लई लांब हाय रे विलायत," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. "चालून चालून पाय मोडले."

"आये, मी..."

"थंडी फार आसंल न्हाय?" पदरानं घाम पुसत तिनं विचारलं. "कोट घालतोस ना?"

दौलतनं खाली बघून मान हलवली.

"आन बरफ?"

"पडतो गं. रोज पडतो."

तिनं माझ्या कॉलरवरची पिसं एकेक करून वेचली. जन्म गिरणीत गेलेल्या बाईला कापूस ओळखू येणार नाही, असं होईल का? पण तिनं ती पिसं झटकली नाहीत, मुठीत ठेवली. मग फडकं सोडून भाकरी आणि सुकट काढली. दौलत जेवत होता आणि ती त्याला तिथल्या राणीची खुशाली विचारत होती.

निघताना म्हणाली, "शिकून झालं की ये. पन बोटीनंच ये हां. गेटातनं, सरळ, मान वर करून. चोरासारखा आलास तर म्या वळकनार न्हाई."

त्यानंतर ती पुन्हा आली नाही. विलायतेला माणूस किती वेळा जाणार?

दौलत तिचा शब्द धरून बसला. विलायतेची बोट लागली की तो धक्क्यावर जाई आणि उतरणारी माणसं कशी चालतात, ते बघून येई. गोदामात गासड्यांच्या मधून तसं चालून पाही. दोन वर्षं सरली. एक मे उजाडला, दिवे लागले, नकाशात नसलेलं राज्य नकाशात आलं. त्याच आठवड्यात राजाराम सायकल मारत गोदामाशी आला.

"दौलत्या, आईचं काही खरं नाही. चल, बस मागं."

"बोट शुक्रवारी आहे, दादा."

"कसली बोट, लेका? सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!"

"तिनं आजवर माझ्याकडे एवढंच मागितलंय," दौलत म्हणाला. "बोटीनं ये म्हणाली. परवा तर शुक्रवार. तिला सांग, मी निघालोय."

राजारामनं त्याला शिव्या घातल्या, हात धरून ओढलं, शेवटी डोळे पुसले आणि तसाच परत गेला. जाऊन त्यानं रमाबाईला सांगितलं, बोट निघालीय.

शुक्रवारी मे महिन्याच्या उन्हात दौलत मला घालून, ट्रंक घेऊन, हमालांच्या गेटानं आत जाऊन उभा राहिला. बोट आली, पण धक्क्यावर जागा नव्हती. तिला बाहेर समुद्रात थांबवलं. ती तिथून दिसत होती. शनिवारी तिथंच. दौलत हलला नाही. आम्ही दोघं आत उकडत होतो आणि समोर ती बोट सावकाश धूर सोडत होती.

रविवारी बोट लागली. दौलत प्रवाशांत मिसळला आणि गेटातून बाहेर आला. सरळ, मान वर करून. बाहेर राजाराम एकटा उभा होता. त्याच्या हातात हार नव्हता.

"बोट उशिरा आली," दौलत म्हणाला.

"व्हय रे," राजाराम म्हणाला. "तिला मी सांगत होतो, दिसायला लागलीय, दिसायला लागलीय. काल रात्रीपर्यंत सांगत होतो."

त्यानं ट्रंक घेतली. चाळीत कुणीतरी दौलतच्या पायांवर पाणी घातलं. कुणीतरी विचारलं, "प्रवास बरा झाला ना?"

मित्रांनो, आता मला कसर लागली आहे. एक बाही उरली आहे, तीही अर्धी. माझं सोडा. पण घरातल्या लोकरीला ऊन दाखवत जा, पाला घालत जा. माणसाला निरोप देण्याआधी तो जातोय का, ते विचारून घ्या. आणि कुणी जायचा राहिला, तर त्याला त्याच संध्याकाळी जेवायला हाक मारा.

सबब, मेहेरबान बंदर अधिकारी साहेब यांच्या सेवेशी अर्जदार लोकरी कोट, वापरलेला, याची नम्र विनंती की, सदर बोट शुक्रवारीच धक्क्याला लागली, अशी दुरुस्ती आपल्या दप्तरी करून मिळावी. दुरुस्ती मागील तारखेपासून अमलात आणावी. कळावे.