राजाच्या माघारी हुना

“तू कुणाचा?” पोपमहाराजांच्या कारकुनानं हुनाला विचारलं. संत पेत्राच्या देवळाच्या दाराशी आम्ही उभे होतो. आत आमच्या राजाला पुरत होते आणि एकवीस वर्षं ज्यानं त्याचे पाय चेपले तो हुना बाहेर.

हुनाला रोमची भाषा येत नव्हती. मी इथल्या आमच्या इंग्रज यात्रेकरूंच्या धर्मशाळेत रांधते. भाजीवाल्यांशी भांडून भांडून मला ती चांगली येते, म्हणून मीच मध्ये पडले.

“राजाचा गुलाम आहे हा. पण राजानं शब्द दिला होता. पेत्राच्या सणाला, पोपमहाराजांच्या देखत, याला मोकळा करणार होता.”

“सण तर परवा आहे.”

“तेच तर!”

“मग दोन दिवस दम काढायचा होता ना राजानं,” कारकून म्हणाला. मेल्याला थट्टा सुचत होती!

मुकुट पुतण्याच्या डोक्यावर ठेवून राजा वसंतात इथं आला होता. आमच्या राजांचं हे खूळ मला नवं नाही. म्हातारपण आलं की त्यांना पेत्राच्या पायाशी मरायचं असतं. पोपमहाराजांनी त्याला लेकरासारखं जवळ घेतलं, अंगावरचा झगा दिला. मग ताप आला. जाण्याआधी त्यानं जवळचं सगळं पेत्राच्या देवळाच्या नावे केलं, त्यात हुनाही गेला. शब्द राहिला तो राहिलाच. मला अजून संताप येतो.

“ताई, धन्याला नावं ठेवू नका,” हुना म्हणाला. “तापात माणसाला भान नसतं.”

“चांदीचे पेले पेत्राला द्यायचे ते बरे आठवले तापात!”



मी हट्टालाच पेटले. रोज सकाळी कारकुनाच्या दाराशी जाऊन बसायची. तो बाहेर पडला की सुरू. “काय हो, पेत्राला गुलामांचा तुटवडा आहे का? एक माणूस सोडला तर स्वर्गाचं दार मोडेल का?” पाचव्या दिवशी त्यानं शिक्का मारलेलं, मजकूर लिहिलेलं कातडं माझ्या हातात कोंबलं. “घे बाई, पोपमहाराजांनी सोडलाय त्याला. आता माझं डोकं खाऊ नकोस.”

मी पळतच आले. हुना माझ्या चुलीसाठी लाकडं फोडत होता. त्यानं ते कातडं उलटंपालटं करून बघितलं.

“मोकळा झालास रे, गाढवा!”

“असं कसं, ताई? रस्ता कुणी दाखवला?”

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे गुलामाला चव्हाट्यावर नेतात. धनी चारचौघांसमोर म्हणतो, “रस्ते खुले आहेत, हवं तिकडे जा.” ते ऐकल्याशिवाय कुणी मोकळं होत नाही. लिहिलेलं आम्हाला कुठं वाचता येतं?

“चल,” म्हटलं आणि त्याला हात धरून नदीपलीकडच्या चौकात नेलं. भर दुपार. एक गाढववाला आणि मठातल्या दोन बायका एवढीच काय ती माणसं. मी आमच्या भाषेत ओरडले, “लोकहो, हा हुना! रस्ते खुले आहेत! जा बाबा, हवं तिकडे जा!”

“बाजूला हो गं, बोंबलतेस काय!” गाढववाला खेकसला.

हुना एकेका रस्त्याकडे बघत होता. सहा वर्षांचा असताना लढाईत त्याला धरून आणलं होतं. गावाचं नावही त्याला आठवत नव्हतं.

“ताई, आपला मुलूख कुठल्या रस्त्यानं?”

मी उत्तरेकडे बोट दाखवलं. तो निघाला. वीसेक पावलं गेला आणि थांबला, माझ्याकडे पाठ करून.

मोकळ्या केलेल्या माणसाला मागून हाक मारू नये, अशी आमची रीत आहे. हाक मारली आणि तो वळला, तर तो पुन्हा गुलाम. हुनाला हे माहीत होतं. तरी तो हलेना. इतक्या वर्षांनी इथं माझ्याशी माझ्या भाषेत चार शब्द बोलणारं माणूस मिळालं होतं. घशाशी आलेलं त्याचं नाव मी गिळत होते.

डोक्यावरचं फडकं मी तोंडात कोंबलं. ऊन तापत होतं आणि हुना हाकेची वाट बघत तसाच उभा होता.