फोकबाबाचं कडू तीर्थ

सपकन फोक बसली आणि पत्र्याच्या शेडमधली माणसं एकसुरात ओरडली, "गेला! ताप गेला!"

म्हाताऱ्या दशरथच्या पाठीवर चिंचेच्या ओल्या फोकेचे वळ उठले होते, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. पण कपाळ खरंच गार पडलं होतं. स्वाइन फ्लूने पुणं हादरलं होतं, मास्क मिळेनासे झाले होते, आणि हिंजवडीत आयटी पार्कच्या पाठीमागे हा फोकबाबा रोज माणसं झोडपून बरी करत होता.

"कॉम्प्युटरात व्हायरस शिरला तर फॉरमॅट मारता का न्हाई?" बाबा गरजला. "म्या मानूस फॉरमॅट करतो! सुई टोचून घेनाऱ्याला मात्र हितं जागा न्हाय!"

गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेले इंजिनिअरही माना डोलवत होते. कल्याणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायचं त्राण नव्हतं. सातवा महिना, अंगात सणसणून ताप. डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितली, तेव्हा सासूबाईंनी, मुक्ताईंनी, "पोटुशीला सुया टोचायच्या नाहीत" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्याच तिला इथे घेऊन आल्या होत्या, आणि नवरा तेजस आईपुढे नेहमीप्रमाणे मूग गिळून बसला होता.

"आई, बाळाला लागलं तर?" ती कशीबशी पुटपुटली.

"पाठीवरच मारतात गं," मुक्ताई म्हणाल्या. "दवाखान्यात लोक मरतायत, बघतेस ना?"

बाबाची रीत ठरलेली होती. आधी कडुनिंबाचं तीर्थ, मग पणती विझेपर्यंत बसायचं, मग मार. कल्याणी तीर्थ प्यायली. पणती विझत आली तसा तिला दरदरून घाम फुटला. तिने पर्समधला थर्मामीटर काखेत धरला. निघताना एकशे तीन असलेला ताप शंभराच्या खाली आला होता, आणि अजून एकही फोक बसली नव्हती.

ती धडपडत उठली. "अहो बाबा, माझा ताप मार न खाताच उतरला. मग फोक कशाला, व्यायामाला?"

शेडमध्ये कुजबुज झाली. बाबाचा चेहरा पडला. "अवदसा बोलतीय! धरा हिला!"

त्याच्या दोघा माणसांनी तिचे हात पिरगळले. पहिली फोक खांद्यावर बसली. दुसरी पोटाच्या रोखाने येताना पाहून ती किंचाळली. जन्मात कुणाशी न भांडलेला तेजस मध्ये घुसला. फोकेने त्याचा गाल फाडला, तरी त्याने बाबाला असं ढकललं की तो तीर्थाच्या हंड्यावर जाऊन आदळला. हंडा कलंडला. पाणी वाहून गेलं आणि तळाशी उरला पांढरा गाळ, त्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या, मधल्या रेघेसकट.

कल्याणीने एक उचलून धरली. "ही साधी तापाची गोळी. पणती जळते तेवढ्या वेळात ही काम करते. फोक नुसती नाटकाला!"

"माझा पोरगा भैरू हितनंच बरा हून घरी आला हुता," दशरथ म्हणाला. "म्हून दवाखान्यात नेला न्हाई. तिसऱ्या रोजी गेला. तुमची श्रद्धा कमी पडली, म्हनला ह्यो. म्हून आज मी दुप्पट मार मागून घेतला."

मग त्याने फोक उचलली. त्याच्यामागे सगळी शेड बाबावर तुटून पडली. बाबाचे दात पडले, नाक फुटलं.

"थांबा!" कल्याणी जीव खाऊन ओरडली. "मारून काही बरं होत नाही, हे कळायला अजून किती रक्त बघायचंय? पोलिसांच्या ताब्यात द्या त्याला."

दशरथने फोक टाकली आणि तो मटकन खाली बसून रडू लागला.

दवाखान्यात पोचेपर्यंत कल्याणीचा ताप पुन्हा भडकला. गोळी ताप दाबते, आजार आत तसाच राहतो. ती ऑक्सिजनवर पडून होती आणि बाहेर मुक्ताई भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या. कल्याणी आणि पोटातली मुलगी दोघी वाचल्या, त्या वेळेवर मिळालेल्या औषधांमुळे. ताप आला की डॉक्टर गाठावा, ताप येण्याआधीच लस घ्यावी, यात चमत्कार काही नाही.

पुढच्या वर्षी लसीच्या रांगेत नातीला कडेवर घेऊन मुक्ताई सगळ्यांच्या पुढे होत्या. मागच्या बाईने विचारलं, "सुई फार दुखते का हो?"

मुक्ताईंनी शेजारी उभ्या असलेल्या तेजसची हनुवटी धरून गालावरचा व्रण तिच्याकडे वळवला.

"यापेक्षा कमी," त्या म्हणाल्या, आणि बाही वर केली.