शेवटची धार

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलं.

मिरजगावजवळ माझं आणि कल्याणचं दूध संकलन केंद्र आहे. तो टेम्पोतून दूध पुढं डेअरीला पोचवतो, केंद्र मी सांभाळतो. मी बारावी नापास. धंदा मोबाईलवर बघून बघून शिकलो. मालकानं कडक राहायचं, एवढं त्यातलं पटलं. कल्याण उलटा. कुणाची गाय काय खाते, कधी व्याली, विचारत बसायचा. मी त्याला चौकशी अधिकारी म्हणायचो.

मागच्या महिन्यात तो आठ दिवस बहिणीकडं कोपरगावला गेल्ता.

लंकाबाई पहिल्या दिवसापासून आमच्याकडं दूध घालायची. एकच गाय. मशीनवर तिच्या दुधाची फॅट तीन पॉइंट आठ लागायची, ती एकदम दोन पॉइंट सहा लागली. दुसऱ्या दिवशी पण तेच. रांगेत वीस-पंचवीस माणसं. मी मोठ्यानं म्हणालो, “मावशी, हापशी लई दूध देती वाटतं आजकाल.”

सगळे हसले. मी पण. तिनं किटली उचलली आणि गेली.

गावात तिचं नाव पाणीवाली पडलं. दुसऱ्या केंद्रावर पण तिचं दूध घेईनात. मला वाटलं, बरी शिस्त लागली.

कल्याण आला. ती रांगेत दिसेना म्हणून विचारलं. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. तो हसला नाही.

“डिग्री किती हुती?”

डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा, पाणी असलं की ती पडते. मला माहीत होतं. तरी बघितली नव्हती. मशीनमधनं जुनी नोंद काढली. दोन्ही दिवस एकोणतीस, चांगल्या दुधाला लागते तेवढी. पाणी नव्हतंच.

आम्ही तिच्या वस्तीवर गेलो. कल्याणनं एवढंच विचारलं, धार कशी काढता. ती म्हणाली, वासरू लई अशक्त झालतं, म्हणून आधी किटली भरते आणि शेवटची धार त्याला सोडते. जाड दूध शेवटीच उतरतं. सगळी फॅट वासराच्या पोटात जात होती.

मी खाली बघत विचारलं, “मावशी, तवाच का न्हाई सांगितलं?”

“तू इचारलं कुठं बाबा? तूच सांगितलं, समद्यांला.”

कल्याण म्हणाला, उद्यापासून दूध आणा. ती नाही म्हणाली. तिची सून आता किटली घेऊन रस्त्यानं जायला लाजते. त्या रांगेत आमच्यातलं कुणी उभं राहणार नाही, म्हणाली.

 येताना फाट्यावर कल्याणनं टेम्पो बाजूला घेतला.

“तू आकडा बघतो आन माणसाचा निकाल लावून मोकळा व्हतो. आसल्या केंद्राचं दूध मी न्हाई वाहनार.”

 मी त्याला शब्द दिला. उद्या सकाळी रांग भरली की, ज्या आवाजात तिला बोललो त्याच आवाजात सगळ्यांसमोर सांगणार, लंकाबाईच्या दुधात पाणी नव्हतं, मी विचारलंच नाही. ती ऐकायला आली नाही तरी.