गुळातला ळ

अच्युत गुरुजींच्या पहिलीच्या वर्गात एकोणतीस मुलं होती आणि त्यांतल्या अठ्ठावीस जणांना वाचता येत नव्हतं. हे ठाऊक होतं फक्त गुरुजींना. गावाला वाटायचं, पोरं फडाफडा वाचतात. पाटलांचा माणिक तर अख्खा धडा एका दमात म्हणायचा. मात्र मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हे काय रे?" विचारलं, की त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून चालत यावं लागायचं. नुसती पोपटपंची! पण गावाला पोपटच आवडतात.

एकोणतिसावी होती तानबाची कोकिळा. पाठांतरात ती अगदी ढ. कवितेच्या दोन ओळी धड येत नसत. पण तिला शब्द फोडता यायचा. दुपारी पोरं पेंगायला लागली की गुरुजी खेळ घेत.

"पापडातला पा खाल्ला. काय उरलं?"

"तुकडा!" सगळी पोरं ओरडत.

कोकिळा जरा ओठ हलवी आणि म्हणे, "पड."

एकदा गुरुजींनी मुद्दाम जगात नसलेला शब्द लिहायला घातला, टिमरूक. माणिक रडकुंडीला आला. कोकिळानं पुटपुटत टि, म, रू, क असे एकेक तुकडे पाटीवर मांडले आणि वर विचारलं, "पन हे असते काय, गुरुजी?" त्या दिवशी गुरुजींना जेवण गोड लागलं. वाचणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? कानानं शब्द फोडायचा आणि डोळ्यानं जोडायचा. हे तिला कुणी न शिकवता आलं होतं.

अडत होतं ते एका ळपाशी. त्या गावात ळ नव्हताच. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया आणि कोकिळा स्वतः सगळ्यांची कोकिया. ती ऐकायची तेच लिहायची, चोख. गुरुजींनाही घाई नव्हती. कान पक्का आहे, ळ काय, दुसरीत येईल! अहो, बोरगावला त्यांची स्वतःची आई 'कायी माती' म्हणत होती आणि गुरुजीसुद्धा घरी गेले की टोपीबरोबर ळ खुंटीला अडकवून मोकळे होत.

एकाहत्तरच्या जानेवारीत तपासणी आली. साहेब पुण्याकडचे. बोरगावला आई एकटी, म्हणून गुरुजींनी तिकडच्या बदलीचा अर्ज केला होता, आणि तो याच साहेबांच्या शेऱ्यावर अडला होता. साहेबांनी पुस्तकातलंच वाक्य घातलं, "काळ्या गाईने गूळ खाल्ला." बाकीच्या पोरांना ते पाठ होतं. त्यांनी पाहिलं होतं तसं चितारलं. कोकिळानं ते आधी आपल्या तोंडात, आपल्या बोलीत घोळवलं, नीट फोडलं आणि लिहिलं: काया गाईनं गूय खाल्ला.

साहेबांनी पाटी उचलली. "गाईने गू... काय? गू खाल्ला?"

वर्ग फुटला. माणिक टाटपट्टीवर गडाबडा लोळला.

"मी बोलली तसंच लिवलं जी," कोकिळा म्हणाली. सगळे काऊन हसतात, हे तिला कळतच नव्हतं.

साहेब गुरुजींकडे वळले. "तुमच्याकडे सगळे असंच बोलतात की काय?"

इथं बोलायला हवं होतं. 'साहेब, हिला एक नवा शब्द घाला आणि तोच त्या माणिकलाही घाला,' एवढंच. वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं.

"छे छे, साहेब," गुरुजी म्हणाले. "बाकीची मुलं तयार आहेत. ही मुळातच मंद आहे."

मुळातला ळ त्यांनी असा ठणठणीत उच्चारला, की साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. शेरा चांगला मिळाला. एप्रिलमध्ये बदलीही झाली.

तपासणीच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं कोकिळाला 'गूय' म्हणू लागली. आठवड्याभरात ती यायची थांबली. गुरुजी तिच्या घरी गेले, तर तिची आई, आनंदाबाई, दारातच उभी राहिली.

"तुमीच सायबाले सांगतलं ना, पोट्टी मंद हाय म्हनून? मंग मंद पोट्टीले शायेत काऊन धाडू? कापूस त येचता येते तिले."

गुरुजी आल्या पावली परतले.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये गुरुजी बोरगावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पहिलीचे प्रवेश चालले होते. एक तरुण बाई मुलीला घेऊन टेबलापुढं आली. मुलीचं नाव सांगितलं, सीमा.

"सही की अंगठा?" विचारत गुरुजींनी सवयीनं शाईचं पॅड पुढं सारलं. बाईनं ते बाजूला केलं, पेन घेतलं, जरा ओठ हलवले आणि लिहिलं: कोकिया.

गुरुजी त्या अक्षरांकडे बघत राहिले.

"तानबाची कोकिळा?"

"हो जी."

"सीमा... छान नाव ठेवलंस."

"सासू मंगळा ठेव म्हने," मंगळातला ळ तिनं जपून, जिभेला ताण देऊन उच्चारला. "मी नाई म्हटलं. जसं बोलते तसंच लिवता येईन, असं नाव पाह्यजे होतं मले. पोरीले तरी कोनी हासाले नोको."

सोळा वर्षं घशात अडकलेलं वाक्य गुरुजींच्या तोंडून निघालं, आणि निघालं तेही घरच्या बोलीत. "त्या वर्गात तुले एकटीलेच वाचता येत होतं, कोकिया."

"मले मालूम होतं, गुरुजी," ती म्हणाली. "तुमाले बी मालूम होतं."

तिनं मुलीच्या खांद्यावरचं दप्तर नीट केलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पहिलीले तुमीच शिकवता काय?"

"नाही. आता फक्त ऑफिस बघतो."

"बरं झालं," कोकिळा म्हणाली आणि मुलीला वर्गात सोडायला गेली.