घरातल्या दोघी

"नाही म्हणजे नाही. पोर माझ्या घरातून हलणार नाही," असे म्हणून इस्त्रीवाल्या आजींनी बाकावर तळहात असा टेकवला, की जणू सभा तिथेच संपली.

सभा संपली नव्हती. पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसे बसली होती: मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाई, ठकीचे वर्गशिक्षक, आणि वस्तीच्या वतीने आलेला, सायकली दुरुस्त करणारा सायकलवाला. आजींना खेटून बसली होती नऊ वर्षांची ठकी, त्यांची आईवेगळी नात. या शाळेत मुलाविषयीचा मोठा निर्णय घर, वर्ग आणि वस्ती या तिघांच्या होकारावाचून होत नसे. एकाचाही नकार आला, की विषय मिटला. ही रीत आजींनीच भांडून पाडलेली. ठकीच्या आईला लहानपणी घरी न विचारता खालच्या वर्गात बसवले, तेव्हा आजी हातातली तापलेली इस्त्री तशीच टाकून शाळेत येऊन थडकल्या होत्या. कुणाचा तरी सदरा जळाला, पण रीत पडली.

आज प्रश्न ठकीचा होता. ती अडखळत बोले. दूरच्या गावातल्या एका शाळेत अशा मुलांना बोलायला शिकवत. पण तिथेच राहावे लागे, घरी यायचे ते सुट्टीत.

"तुमचा नकार असेल तर आम्ही पुढे जाणार नाही, आजी," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग उठा. चहाही झालाय."

"जरा दमानं घ्या," सायकलवाला म्हणाला. "हा राग इस्त्रीवर निघाला तर उद्या अख्ख्या गल्लीचे कपडे करपतील."

"तू पंक्चर काढ. माझ्यात हवा भरू नकोस."

वर्गशिक्षक वयाने लहान होते. ते खाली मान घालून म्हणाले, "ती रोज हात वर करते, आजी. मुलं थांबत नाहीत. मी थांबवतो, पण तिला पुढं कसं न्यायचं ते मला येत नाही. करून पाहिलं मी."

"मला तिचं सगळं कळतं. तिला बोलायची वेळच येऊ देत नाही मी."

ते खरेच होते. ठकीने 'पा' म्हणावे, तोवर पाण्याचा पेला तिच्या हातात असे. दूधवाल्याला, डॉक्टरांना, शेजारणीला ठकीची उत्तरे आजीच देत. लेक गेल्यापासून त्या नातीच्या पुढे चालून वाटेतले खडे वेचत आल्या होत्या.

"हा नकार घराचा ना?" मोठ्या बाईंनी विचारले.

"घर म्हणजे मी."

"घरात दोघी राहता, आजी."

मोठ्या बाई ठकीकडे वळल्या. "तुला काय वाटतं, बाळा?"

"म... म... मला..."

"मला आजीजवळच राहायचंय, असं म्हणतेय ती."

ठकीने आजींच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच मान हलवली. नाही.

मग सगळे थांबले. आजींना थांबायची सवय नव्हती. शब्द पोरीच्या ओठांवर येऊन अडलेला त्यांना स्पष्ट दिसत होता. तो आपण उचलून द्यावा म्हणून जीव तुटत होता. त्यांनी दातांखाली जीभ धरली.

"म... मला ज... जायचंय." ठकीने श्वास घेतला. "आणि सु... सुट्टीत आले की तु... तुला सगळं सांगायचंय. म... मधे बोलायचं नाहीस."

सायकलवाला हसला आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला. आजींनी पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले, वेणीची गाठ उगाच सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"वर्गाचं काय?" त्यांनी करड्या आवाजात विचारले.

"हो," वर्गशिक्षक म्हणाले.

"वस्तीचं?"

"हो, आजी."

"मग घरही हो म्हणतंय," आजी म्हणाल्या आणि बाकाचा आधार घेऊन उठल्या.

फाटकाशी रखवालदाराने विचारले, "काय ठके, काय ठरलं मग?"

"म... म..." ठकीने सुरुवात केली.

आजींचे ओठ उघडले. मग त्यांनी चष्मा काढला, आणि पोरीचे वाक्य पुरे होईपर्यंत त्या स्वच्छच असलेली काच पुसत उभ्या राहिल्या.